धुतलेली मुळं

मला तो प्रश्न विचारला तेव्हा उत्तर द्यायला मी चार सेकंदही घेतले नाहीत. घ्यायला हवे होते. पण तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते, सगळी वृक्ष समिती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला हुशार दिसायची फार हौस होती.

अंबरठाण महापालिकेतली बैठक, मी तिथल्या उद्यान विभागात. अध्यक्ष होते परांडेकर, सरळ माणूस. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "बनकर मॅडम, नियमात लिहायचंय म्हणून विचारतो. एका जागेवरून दुसरीकडे हलवलेलं झाड जिवंत आहे, असं कधी धरायचं? पालवी फुटली की? का वर्ष उलटलं की?"

"पालवीची वाट कशाला बघायची, सर? खोडातून रस चढतोय ना, मग झाड जिवंत. माझा पट्टाच सांगेल की तुम्हाला."

"वा! सोपं झालं," ते म्हणाले, आणि लेखनिकाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. महिन्याभरात तो शहराचा नियम झाला.

आता हा पट्टा काय प्रकार आहे ते सांगते. किचकट नाही, घाबरू नका. झाडात पाणी वर चढतं ते खालून कोणी ढकलतं म्हणून नाही. पानं उन्हात पाणी सोडतात, आणि सुटलेला प्रत्येक थेंब आपल्यामागचं पाणी वर ओढतो. मुळापासून शेंड्यापर्यंत केसाहून बारीक नळ्या असतात आणि त्यांत पाण्याचे ताणलेले धागे. झाडाची तहान वाढली की ताण वाढतो आणि एखादा धागा तुटतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि टक् असा आवाज होतो. इतका वरच्या पट्टीतला, की आपल्या कानाला तो कळत नाही. झाड उपटलं, मुळं तुटली, की असे धागे हजारोंनी तुटतात. हलवलेली झाडं मरतात ती त्यामुळे.

मी केला तो नाडीपट्टा. बुंध्याभोवती बांधायचा; रस चढत असला की त्यावर हिरवा दिवा लागतो. तो हे आवाज ऐकतो आणि जिथे धागा तुटला तिथे बारीक सुईतून पाणी आणि क्षार आत ढकलून तो पुन्हा जोडतो. पहिली चाळीस झाडं आम्ही पावसाळ्यात हलवली, मातीच्या गड्ड्यासकट, एकेका झाडाला दोन-दोन दिवस देऊन. अडतीस जगली. तोवर आमच्याकडे दहातलं एक जगलं तरी पेढे वाटायचे. तेव्हा मला वाटलेला अभिमान खरा होता, तेवढं तरी मला म्हणू द्या.

पण गोम अशी, की पट्टाच रस ढकलतो आणि रस चढतोय का हेही पट्टाच मोजतो. पोराने स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच तपासायचा, तशातली गत. त्यातून त्या पाण्याच्या नळ्या मुळातच मेलेल्या पेशींच्या असतात. वाळक्या ओंडक्यातूनही पंपाने पाणी चढवता येतं. झाडाचा जीव असतो सालीखालच्या एका पातळ हिरव्या थरात, आणि त्याच्याशी पट्ट्याचा काही संबंध नाही. हे मी कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकले होते. उत्तर देताना ते मला आठवलं नाही असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल, पण ते खोटं होईल. आठवलं होतं.

पुढे काय झालं ते तुम्ही बघितलंच असेल. पूर्वी झाड तोडायचं म्हटलं की हरकती, सुनावण्या, लोक झाडाला मिठ्या मारून उभे. आता आम्ही तोडत नव्हतो, हलवत होतो. त्याला हरकत कोण घेणार? चार वर्षांत रिंगरोड झाला, दोन उड्डाणपूल झाले, आणि रस्त्यांवरची झाडं एकेक करून शहराबाहेरच्या सोनमाळावर गेली. चौकाचौकात पाट्या लागल्या, 'अंबरठाणात झाड तोडलं जात नाही'. नवी रोपं धरून नोंदवहीतली झाडं दीडपट झाली आणि बसथांब्यावर उभं राहायला सावली उरली नाही, म्हणून तिथे पाण्याचे फवारे बसवले. वरून उपग्रह फिरायचा, त्याला सोनमाळ हिरवागार दिसायचा. दिसणारच. पट्ट्यांतून गळणाऱ्या पाण्यावर खाली घाणेरीचं रान माजलं होतं, आणि उपग्रहाला घाणेरी काय नि वड काय, सारखंच.

माझी थोरली बहीण वैजयंती. मी तिला अक्का म्हणते. अक्का सिटी बसमध्ये कंडक्टर होती आणि तिचे यजमान, सुदाम दाजी, ड्रायव्हर. बस आपोआप चालायला लागल्या तेव्हा दोघं एकाच दिवशी घरी बसली, आणि दुसऱ्या वर्षी दाजी गेले. आमच्या माहेरच्या गावाकडे राख नदीत सोडत नाहीत. खड्ड्यात घालतात आणि त्यावर झाड लावतात. अक्काने तसंच केलं. परिवहन वसाहतीच्या मागे मोकळी जागा होती, तिथे राखेवर तामणाचं रोप लावलं. मग आणखी चार-पाच घरांनी आपापल्या माणसांसाठी तसं केलं. कोणी नातवाच्या बारशाला लावलं, कोणी मुलीच्या लग्नात. सदतीस घरं, सदतीस झाडं. अक्काचं तामण सहाव्या वर्षी फुललं, जांभळंभोर, आणि ती मला फोन करून म्हणाली, "हर्षे, तुझ्या दाजींनी आयुष्यात कधी रंगीत शर्ट घातला नाही, आणि आता बघ थाट."

त्याच जागेतून रिंगरोडची वळणवाट जाणार होती.

दोन हजार एक्केचाळीस सालचा एप्रिल. वसाहतीतल्या बायका झाडांखाली सतरंज्या टाकून बसल्या. अक्का सगळ्यांत पुढे. कंडक्टरचा आवाज, माइक लागायचा नाही. चार दिवस यंत्रं अडून राहिली, तेव्हा आयुक्तांनी मला बोलावून घेतलं. "तुमच्या भगिनी आहेत म्हणे," एवढंच म्हणाले. मी गेले.

"अक्का, ऊठ. सगळ्यांना उठव. मी आहे ना."

"तू आहेस म्हणजे काय?"

"म्हणजे एकही झाड मरणार नाही. माझ्या देखरेखीखाली हलवते. सोनमाळावर छान मोकळी हवा आहे."

ती झाडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झाडाचं सोड. माती तीच जाईल ना गं? त्यांची माती?"

"ओंजळभरसुद्धा सांडू देणार नाही."

"मग ठीक." ती उठली, सतरंजी झटकली आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "चला गं, माझी बहीण सांगतेय." आणि त्या उठल्या. एकीनेही मला उलट प्रश्न विचारला नाही.

झाडं हलवायच्या सकाळी अक्का आली नाही. "मला बघवणार नाही. तू उभी राहा," म्हणाली.

तोपर्यंत आमची पद्धत बदलली होती. मातीच्या गड्ड्यासकट झाड नेलं तर एका गाडीत एकच बसतं. मुळं धुतली तर सहा बसतात. जोराच्या फवाऱ्याने मुळं स्वच्छ धुवायची, सुया टोचायच्या, पट्टा आवळायचा, गाडीवर चढवायचं. एका झाडाला वीस मिनिटं. हे मीच मंजूर केलं होतं. मी सतरंजीशी उभी राहून अक्काला शब्द दिला तेव्हाही मला ते ठाऊक होतं. मनात म्हटलं होतं, तिचं एक झाड वेगळं काढू, गड्ड्यासकट नेऊ. एक शब्द सांगायचा होता फवारेवाल्याला.

पण त्या दिवशी आमची पद्धत बघायला दुसऱ्या शहरांतले पाहुणे आले होते. टोप्या घालून, कॅमेरे घेऊन. सदतीस झाडांतलं एकच गड्ड्यासकट का, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, की माझ्या दाजींची राख आहे त्यात. एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांसमोर ते सांगायची मला लाज वाटली. बघा, लाज वाटायची तर कुठे वाटली मला!

फवारा सुरू झाला. मुळांतून तपकिरी पाणी निघालं आणि रस्त्याकडेच्या चरातून वाहत गटाराच्या जाळीत गेलं. मी तिथून दहा हातांवर उभी होते. एका पाहुण्याने मला काहीतरी विचारलं आणि मी त्याला पट्ट्यातल्या सुयांची जाडी सांगितली.

नंतरच्या पावसाळ्यात तामणाला पालवी आली नाही. आमच्या विभागात सखाहरी म्हणून जुने माळी होते, तीस वर्षं नोकरी झालेले. त्यांनी अंगठ्याच्या नखाने साल खरवडली आणि मला बोलावलं. आत सगळं तपकिरी.

"मॅडम, हे गेलंय."

"पट्ट्यावर हिरवा दिवा आहे ना, सखाहरी?"

"दिवा हिरवा आहे, मॅडम. दिव्याला काय धाड भरलीय? झाड गेलंय. ह्या लायनीतली सगळीच गेलीत."

"नियमात काय लिहिलंय माहीत आहे ना तुम्हाला?"

त्यांनी नखात अडकलेली साल झटकली. मला त्यांनी मॅडम म्हणावं आणि गप्प बसावं, एवढीच माझी अपेक्षा होती त्या दिवशी.

पुढच्या मे महिन्यात अक्काने विचारलं, "फुललं का गं?" मी म्हटलं, "फुललंय की." "मग फोटो पाठव." महापालिकेच्या पाहुणेघराच्या दारात एक तामण आहे, बहरलेलं. जेवायच्या सुट्टीत जाऊन त्याचा फोटो काढला आणि पाठवला. अक्काने तो फोटो मोठा करून दाजींच्या तसबिरीशेजारी लावला आणि सगळ्या वसाहतीला दाखवला. झालं! लोकांचे फोन सुरू झाले, आमचा बहावा फुलला का, आमच्या कांचनाचं काय.

माझ्या हाताखाली मृणाल नावाची मुलगी होती, उत्साही, कामाला वाघ. ती म्हणाली, "मॅडम, किती खूश होतात हो लोक! आपण सगळ्यांनाच पाठवू या ना." सोनमाळावरची परिस्थिती तिला माहीत होती. तिने संगणकाला सांगून प्रत्येक झाडाचा, त्याच्या नंबराच्या पाटीसकट, फुललेला फोटो बनवला. अकरा हजार झाडं, अकरा हजार फोटो. योजनेला नाव दिलं 'फुलोरा'. माझ्या एका खोट्याची सरकारी योजना झाली आणि तिला शाल-श्रीफळही मिळालं. ते घ्यायला मंचावर मीच गेले होते. हसत.

झाडं हलवल्यानंतरच्या तिसऱ्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी अकराला अक्काचा फोन आला.

"हर्षे, सोनमाळावर आलेय."

"कशी काय?"

"नवी बस सुरू झाली ना. आत ना ड्रायव्हर ना कंडक्टर, विचारायचं तर कोणाला? आपलं झाड कुठेशी आहे गं?"

"अक्का, किती ऊन आहे तिथे! परत फीर तू. रविवारी मी गाडीने नेते तुला."

"उन्हाचं कौतुक मला नको सांगूस. नंबर सांग."

"मी येते. तू थांबशील का तिथेच?"

"बरं, नको सांगूस. पाट्या आहेत, मी शोधते."

मी पोचले तोवर तिने झाड शोधलं होतं. छत्री उघडून बुंध्याशी बसली होती. आजूबाजूला जिथवर नजर जाईल तिथवर ओळीने खोडं उभी, एकालाही पान नाही, प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्यावर हिरवा दिवा. सखाहरी तिला प्यायला पाणी देत होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"याची सावलीच नाही गं," अक्का म्हणाली.

"उन्हाळ्यात ना, अक्का, काही झाडं जरा विश्रांती घेतात. पानं गाळतात..."

होय, मी तेव्हाही खोटंच बोलत होते. झाडापाशी उभी राहून.

तिने पदराला अडकवलेली घराची किल्ली काढली, उठली, आणि साल खरवडली. तपकिरी. जरा वर खरवडली. तिथेही तपकिरी. पार हात पुरेल तिथवर तिने खरवडून बघितलं. मग फोन काढून माझ्यासमोर धरला.

"मग हे कुठलं?"

"पाहुणेघराच्या दारातलं."

"कोणी काढला फोटो?"

"मी."

मला वाटलं ती ओरडेल. बसमध्ये तिच्या आवाजाने दांडगे बाप्ये सरळ व्हायचे. तिने सखाहरींकडून खुरपं मागून घेतलं, पिशवीतलं जेवणाचं फडकं पसरलं आणि बुंध्याजवळची माती उकरून त्यात भरायला लागली. हलक्या हाताने, एकेक खडा बाजूला काढत.

"झाड काय, मरायचंच कधीतरी," ती स्वतःशीच म्हणाली. "माणसं मरतात. माती आहे ना त्यांची, मग झालं. घरी नेते. परत लावते एक रोप."

तेव्हा सांगायला हवं होतं. ती माती सोनमाळाची होती, पालिकेच्या डंपरने आणून टाकलेली. दाजी तीन वर्षांपूर्वीच गटाराच्या जाळीतून गेले होते. मी तोंड उघडलंसुद्धा. सखाहरी माझ्याकडे बघत होते. त्या सकाळी वसाहतीच्या मागे तेही होते, त्यांनीही सगळं बघितलं होतं.

"मॅडम..." ते म्हणाले.

"सखाहरी, पाण्याची बाटली भरून आणता का जरा?" मी म्हटलं. ते गेले.

अक्काने फडक्याला गाठ मारली आणि ते कडेवर घेतलं. "बाकीच्यांची झाडं?"

"अशीच आहेत."

"छत्तीसच्या छत्तीस?"

"हो."

"आणि ही एवढी सगळी?"

मी मान खाली घातली.

"मग आमच्या वसाहतीत कोण सांगणार?"

"ऑफिसातून नोटीस काढते, अक्का. रीतसर."

"तुझ्या शब्दावर उठलो होतो आम्ही. नोटिशीवर नाही." तिने छत्री मिटली. "दारोदार जाऊन सांगायचं. मी येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी सोनमाळावरचे सगळे पंप बंद करायला लावले आणि एकेका झाडाची साल खरवडून घेतली. दोन दिवसांत काम झालं. सखाहरींनी विभागातले सगळे माळी गोळा केले होते. अकरा हजार दोनशे आठ झाडांपैकी जिवंत निघाली सातशे चौतीस. मी अहवाल लिहिला. नियमातलं ते वाक्य माझं आहे, पट्टा काय मोजतो आणि काय मोजत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि फोटोही माझ्यापासून सुरू झाले, असं सगळं लिहून खाली सही केली. मृणालचं नाव कुठे येऊ दिलं नाही. परांडेकरांनी अहवाल वाचला आणि मला एवढंच विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंत हो?" नियम रद्द झाला, दोन रस्त्यांची कामं जागच्या जागी थांबली, उरलेल्या झाडांना हात लावायला बंदी आली. मला निलंबित केलं. वर्तमानपत्रांनी माझा शाल-श्रीफळ घेतानाचाच फोटो छापला. एका अर्थी हे सगळं सोपं होतं. कागदावर कोणाचं तोंड बघावं लागत नाही.

वसाहत अवघड होती.

मी यादी केली आणि शुक्रवारी सकाळी सुरुवात केली. पहिलं दार दळवी वहिनींचं. त्यांनी आम्हाला आत बसवलं, कोकम सरबत दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "मॅडम, तुमचे उपकार आहेत हो. आमच्या नातवाचा बहावा काय फुललाय! दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला फोटो येतो."

"वहिनी, त्याचं असं झालं, की काही झाडं तिथल्या हवेत नीट..."

अक्का माझ्या पाठीमागे दाराला टेकून उभी होती. "नीट सांग," ती म्हणाली.

मी नीट सांगितलं. झाड पहिल्याच वर्षी मेलं. फोटो खोटा होता. मला माहीत होतं. दळवी वहिनींनी माझ्या हातातला सरबताचा पेला काढून घेतला. अर्धा भरलेला होता. आणि त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दारात एक गृहस्थ हसले. "अहो, महापालिकाच ती! आम्ही कुठे खरं मानलं होतं?" ते ऐकून तर मला जास्तच लाज वाटली. तिसऱ्या दारात एका बाईने भिंतीवरची चौकट उतरवली, फोटो काढून माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. मी तो घेऊन जिना उतरले. ठेवायचा कुठे तेही कळेना.

दिवसाला सहा-सात घरांपलीकडे जमत नव्हतं. दर दाराशी अक्का मागे उभी. मी शब्द गिळला की तिचं ठरलेलं, "नीट सांग." बाकी माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. वाटेत चहाही घेतला नाही आम्ही.

तिसऱ्या दिवशी गुंजाळ काकांकडे गेलो. दाजींच्या बरोबरीचे ड्रायव्हर, ऐंशी ओलांडलेले. त्यांनी आईच्या राखेवर सीताफळ लावलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि माती हो?"

मी हातातल्या यादीची घडी घातली.

"झाड जाऊ द्या. आईची माती तिकडे आहे ना? उद्या जाऊन आणतो थोडी. या वैजूने आणली तशी."

मागून "नीट सांग" आलं नाही. मी वाट बघितली, पण आलं नाही. शेवटी माझी मीच म्हणाले, "काका, माती तिकडे गेलीच नाही. मुळं धुतली होती. सगळी माती गटारात गेली."

त्यांना जरा कमी ऐकू यायचं. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

"गटारात गेली, काका," मी मोठ्याने म्हटलं. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं असणार.

त्यांनी हात जोडले. मला नव्हे, भिंतीवरच्या आईच्या फोटोला. मी खाली बघत बाहेर आले. अक्का जिन्यात शेजारणीशी काहीतरी बोलत होती. तिने ऐकलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. किती निर्लज्जपणे घातली! नंतरच्या तीन दिवसांत आणखी तीन राखेची घरं झाली आणि प्रत्येक ठिकाणी मी तेच सांगितलं, तिच्याकडे पाठ करून, खालच्या आवाजात.

बुधवारी दुपारी यादी संपली. अक्काचं घर त्याच वसाहतीत, तळमजल्यावर. ती कुलूप उघडून आत गेली, मी उंबऱ्याबाहेरच थांबले. दारातून मागचा व्हरांडा दिसत होता. तिथे रंगाच्या रिकाम्या डब्यात तिने सोनमाळाची माती भरली होती आणि तामणाचं वीतभर रोप लावलं होतं. डब्याला हळदकुंकू लावलेलं. ती तांब्या घेऊन गेली, त्याला पाणी घातलं आणि परत आली.

"झाली सगळी?" सहा दिवसांत पहिल्यांदाच तिने काही विचारलं.

"झाली."

"मोज."

मी कागद काढला आणि खुणा मोजल्या. "छत्तीस."

"झाडं किती होती?"

मी कागदाकडे बघत राहिले. त्यावर तिचं नाव नव्हतं. यादी मीच केली होती, माझ्या हाताने.

"गुंजाळांच्या दारात ऐकलं मी," अक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्यांना कमी ऐकू येतं, मला नाही. तुला वाटलं शेजारणीशी बोलतेय. मी भिंतीला धरून उभी होते."

"अक्का..."

"तीन दिवस त्या डब्याला पाणी घालतेय. म्हटलं आज सांगेल, उद्या सांगेल. सगळ्या जगाला सांगतेय, घरच्या माणसालाही सांगेल." तिने खुर्ची ओढली आणि दारासमोर, माझ्याकडे तोंड करून बसली. "सांग आता. गुंजाळांना सांगितलंस तसं. मोठ्याने."

माझ्या पायांत चपला तशाच होत्या. छत्तीस दारांत ती माझ्या पाठीमागे होती, म्हणून मला बोलता आलं होतं. आता ती समोर होती, वाट बघत, आणि माझ्या तोंडून दाजींचं नावसुद्धा निघेना.